फेडीचा हंगाम

अल्लीपुरात उधारी महिन्यावर चालत नाही, पिकावर चालते. किराणा दुकानदाराच्या वहीत, कृषी केंद्राच्या बिलात, शेजाऱ्याकडून घेतलेल्या हातउसन्यात एकच भाषा असते: सोयाबीन निघाल्यावर, कापसाच्या पहिल्या वेच्यावर, तुरीवर. हिंगणघाट तालुक्यातली आमची ही काळी, भेगाळणारी, ओल धरून ठेवणारी जमीन जूनमध्ये पैसा मागते आणि दसरा-दिवाळीपासून तो परत देऊ लागते. पहिल्या वेचणीला आई शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवून सीतादही करायची. मग कापूस हिंगणघाटच्या बाजारात जायचा. चुकारा हाती पडला की बाबा घरी पोहोचण्याआधी वाटेतच अर्धी देणी चुकती करत. उरलेला पैसा कमी असायचा, पण त्या संध्याकाळी त्यांचा आवाज मोकळा असायचा.

मी नोकरीसाठी नागपूरला आलो आणि माझ्या मिळकतीचा हंगाम गेला. पगार दर महिन्याला येऊ लागला. त्याच्या मागोमाग क्रेडिट कार्ड आलं. ते बरीच वर्षं पाकिटात नुसतं पडून होतं. पुढे आईचं ऑपरेशन तातडीनं करावं लागलं, तेव्हा दवाखान्याच्या काउंटरवर मी तेच कार्ड पुढे केलं. आई वाचली. तो खर्च मला कधीही जड वाटला नाही, आजही वाटत नाही. जड होतं ते त्यानंतर दर महिन्याला येणारं बिल. त्यावर दोन आकडे असत: एकूण थकबाकी आणि किमान देय रक्कम. पगारातून दुसराच आकडा झेपायचा.

त्या दुसऱ्या आकड्याचा हिशेब मांडून पाहावा. थकबाकी १ लाख रुपये आहे, महिन्याचं व्याज साडेतीन टक्के आहे आणि किमान रक्कम पाच टक्के आहे, असं धरू. आपण ५,००० रुपये भरतो. त्यातले ३,५०० व्याजात जातात, व्याजावरच्या १८ टक्के जीएसटीचे ६३० जातात, आणि मुद्दल कमी होतं ते फक्त ८७० रुपयांनी. शिवाय थकबाकी राहिली की बिनव्याजी मुदत संपते. मग आज घेतलेल्या औषधावरही आजपासूनच व्याज चढू लागतं. माणूस हप्ता चुकवत नाही, कष्टही चुकवत नाही, तरी कर्ज जागचं हलत नाही.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा बाबांनी कार्डाच्या बिलाचा कागद मागून घेतला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"शेकडा किती?"

"साडेतीन."

"सालाचे?"

"महिन्याचे, बाबा."

ते काही वेळ बोलले नाहीत. शेकडा तीन, शेकडा पाच हे दर त्यांनी ऐकलेले होते. त्या दरांनी कोणाचं वावर गेलं, कोणाची बैलजोडी गेली, हेही त्यांना ठाऊक होतं. माझ्या गुळगुळीत कागदावर तसाच दर बारीक अक्षरात छापलेला होता. मग ते म्हणाले, "आवक कव्हा येते थे पाय, मंग फेडीची तारीख ठरव. तारीख नसलेलं कर्ज सरत नाही, बापू."

त्यांच्या त्या वाक्यामागे आमच्या भागाचा मोठा इतिहास उभा आहे. वर्धा जिल्हा मध्य प्रांतात होता तेव्हा, १९३३ साली, इथे कर्जसमेटाचा कायदा झाला. सावकार आणि कूळ यांना मंडळासमोर समोरासमोर बसवायचं, देणं किती ते ठरवायचं आणि झेपतील असे हप्ते बांधून द्यायचे, ही त्याची रीत. कर्ज आणि माणसाची ऐपत यांची सांगड घालावी लागते, हे तेव्हाच्या सरकारलाही मान्य करावं लागलं होतं. १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आलं, त्याच्याही मुळाशी हाच विचार होता. पेरणीला पैसा, पीक निघाल्यावर फेड. ३ लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, वेळेवर भरल्यास ३ टक्क्यांची सूट, आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे मुदतीत फेडणाऱ्याला ते कर्ज बिनव्याजी पडतं. एकाच नावाची दोन कार्डं आमच्या घरात होती. बाबांच्या कार्डाला हंगाम माहीत होता. माझ्या कार्डाला तो माहीत नव्हता.

बाबांचं कार्ड सुखाचं होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. पाऊस फिरला की तारीखही फिरते. मग 'नवं-जुनं' करावं लागतं: कुठून तरी पैसे आणून जुनं खातं भरायचं, नवं कर्ज उचलायचं आणि आणलेले पैसे परत करायचे. कागदावर फेड होते, घरावरचा भार तेवढाच राहतो. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना पूर्ण माफी होती. त्याहून जास्त जमीन असलेल्यानं ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. ओलिताच्या मुलखात दोन हेक्टर पुष्कळ होतात. आमच्या कोरडवाहू भागात त्याहून जास्त जमीन असूनही घर गरीबच असतं. आम्ही त्या रेषेच्या पलीकडे पडलो. नोकरदारही एका कार्डाचं बिल दुसऱ्या कार्डानं भरतात, तेव्हा मला ते नवं-जुनंच दिसतं.

कायद्यातली एक तफावत मला फार खुपते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला १२ टक्के आणि इतरांकडून १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. व्याजाची वसुली मुद्दलाच्या वर नेता येत नाही. बँकांच्या कार्डांना ही मर्यादा लागू नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली वार्षिक ३० टक्क्यांवरचं कार्डाचं व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती; सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. म्हणजे आता दर वाचण्याची आणि समजून घेण्याची जबाबदारी पुन्हा घेणाऱ्याच्याच खांद्यावर आली आहे.

मी बाबांचं ऐकलं. कार्ड वापरणं थांबवलं. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेतून वर्षाला बारा टक्क्यांच्या आतलं कर्ज काढून कार्डाची थकबाकी एकरकमी भरली. एक कर्ज फेडायला दुसरं काढलं, पण याला ठरलेला हप्ता होता आणि शेवटची तारीख होती. हप्ता पगारातूनच वळता व्हायचा. महागाई भत्त्याची थकबाकी मिळाली ती जशीच्या तशी मुद्दलात भरली. भावानं तुरीचे पैसे आणून दिले तेव्हा मी नको म्हणालो. तो म्हणाला, "माय का तुह्या एकट्याची हाय?" तेही पैसे भरले. त्या वर्षी घरात कोणीच नवे कपडे घेतले नाहीत आणि कोणी तसं बोलूनही दाखवलं नाही. शेवटी पतसंस्थेचा बेबाकी दाखला मिळाला. तो बाबांच्या पीककर्जाच्या कागदांसोबत एकाच पिशवीत ठेवला आहे.

वर्ध्यासारख्या जिल्ह्यात कर्जानं माणसं गेली आहेत. त्यामुळे शेतकऱ्याचं कर्ज निदान चावडीवर, बाजार समितीत, विधानसभेत बोललं जातं. पगारदाराचं कर्ज मात्र फोनमध्ये कुलूपबंद असतं. बायकोला माहीत नसतं, आईला तर नसतंच. हा मुकेपणा मला व्याजाहून घातक वाटतो. मी पुढची अनेक वर्षं किमान रक्कमच भरत राहिलो असतो. बाबांनी दर विचारला म्हणून सुटलो. आजारपण येईल, मुलांचं शिक्षण येईल, कर्जं घ्यावी लागतील. त्यात लाज मानण्यासारखं काही नाही. पण कर्ज घेताना त्याचा दर आणि फेडीची तारीख घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असलीच पाहिजे, कारण ते घेणारा एक असला तरी फेडायला सगळं घर लागतं.