अर्ध्याचं अख्खं झालेलं बेट

नी-ऑलेसुंड, स्वालबार्ड
९ जुलै

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून आवडीच्या कॉलनीत बसून जीव टांगणीला लावू नका. इथे रेडिओ दुर्बीण आहे, त्यामुळे मोबाइल, वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद. तारेवरून ईमेल जाते, पण बाबा ती उघडणार कधी! म्हणून हा कागद. २००८ साली सुरू झालेलं आपलं, भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र इथेच. रात्री बाराला ऊन तोंडावर येतं. बाहेर सुरय पक्षी घरट्यापायी डोक्याला टोचतात. काठी उंच धरून चालायचं, मग ते काठीला टोचतात.

फ्योर्डपलीकडे एक खडकाळ, बोडकं बेट दिसतं : ब्लोमस्ट्रांडहाल्वया. हाल्वया म्हणजे अर्धं बेट, आपलं द्वीपकल्प. एका हिमनदीने ते जमिनीला जोडलेलं होतं. ती मागे सरत गेली, १९९०च्या दशकात मागून पाणी फिरलं आणि अर्ध्याचं अख्खं झालं. नाव जुनंच. आपल्या कॉलनीत एव्हाना पाटी बदलायला तीन सभा झाल्या असत्या.

१३ जुलै

काल बोटीने तिथे जाऊन आलो. वस्ती शून्य, अस्वलाच्या भीतीने सोबत बंदूक. १९११च्या सुमारास अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने इथे संगमरवराची खाण काढली, नाव ठेवलं न्यू लंडन. घरं, रूळ, यारी, सगळा संसार मांडला. पण दगड हजारो वर्षांच्या थिजण्या-वितळण्याने आतून तडकलेला. बाहेर नेला की भुगा! माणसं गेली, पुढे काही घरंही उचलून आमच्या गावात आणली. मी एक तुकडा नखाने दाबला, तर कड ओल्या साखरेसारखी झडली.

आई, देवघरासाठी दगड मागितला होतास, तो येत नाही. १९४६पूर्वीचं माणसाच्या हातचं काहीही, गंजका खिळासुद्धा, उचलायला बंदी आहे. तुकडा होता तिथेच ठेवला.

बाबा, तुमच्यासाठी मात्र एक बॉयलर सापडलाय. किनाऱ्याजवळ पडलाय, गंजून लालभडक, पण रिव्हेटांची रांग अजून ओळंब्यात. रणगाड्यांच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाने बघावा असा. हात न लावता अंदाजाने मापं घेतलीत, मागच्या पानावर चित्र काढलंय. किती दाब सोसत असेल, ते कळवा.

तुमचा,
बाळ