वाटण तयार आहे का?

रात्रीचे साडेअकरा. मी एका फीचरच्या चौथ्या ड्राफ्टमध्ये अडकलेली आणि शेजारच्या टेबलावर माझा नवरा लॉगिन पेज बनवतोय. तुम्ही म्हणाल, त्यात काय? वेब डेव्हलपर आहे, बनवणारच. पण सहा महिन्यांतलं हे त्याचं चौथं लॉगिन पेज होतं. तेच ईमेल, तोच पासवर्ड, तीच 'पासवर्ड विसरलात?'वाली लिंक.

"आधीचं कुठे गेलं?" मी विचारलं.

"आहे ना. पण तो प्रोजेक्ट वेगळा होता गं."

थोडं बॅकग्राऊंड सांगते. दीड वर्षापूर्वी त्यानं हिंजवडीतली नोकरी सोडली. मी तर आधीपासूनच फ्रीलान्स. त्यामुळे आमच्या घरात महिन्याच्या एक तारखेला नक्की येणारी गोष्ट एकच, घरमालकांचा फोन. मग छोट्या व्यावसायिकांना वेबसाइट करून द्यायचा जोडधंदा सुरू केला. मजकूर मी लिहायचा, बाकी सगळं त्यानं. कथकचा क्लास, सायकली भाड्यानं देणारा, एक होमिओपॅथ... पैसे ठरलेले, दिवस मोजलेले. आणि प्रत्येक कामाचे पहिले तीन दिवस असे जायचे की क्लायंटला दाखवायला काही नाही. डेटाबेस जोड, लॉगिन कर, ईमेल जातात का बघ, सर्व्हरवर चढव. या तीन दिवसांचं बिल कुणाच्या नावानं फाडणार?

माझ्याकडे बाबा प्रत्येक गोष्टीचा साचा असतो. मुलाखतीआधीचे दहा प्रश्न, इन्व्हॉइस, 'मानधनाची आठवण' नावाचं अतिशय नम्र ईमेल (हे सगळ्यात जास्त वापरलं जातं). आणि गंमत म्हणजे प्रोग्रामर लोक या तयार कोडला 'बॉयलरप्लेट' म्हणतात, तो शब्दच मुळात आमच्या धंद्यातला! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या वर्तमानपत्रांना तयार मजकुराचे धातूचे पत्रे पाठवले जायचे. ते बॉयलरच्या पत्र्यासारखे दिसायचे, म्हणून बॉयलरप्लेट. नवरा ज्यात काम करतो ते जँगोसुद्धा एका वर्तमानपत्रात जन्मलं. कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्डच्या वेब टीमनं २००३ मध्ये ते लिहायला घेतलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. कारण काय? डेडलाइन! आज सांगितलेलं पान आजच हवं.

हे सगळं मी त्याला दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा त्यानं ऐकलं, पण अर्धवट. म्हणजे काय, तर त्यानं सायकलवाल्याच्या प्रोजेक्टचा फोल्डर उचलला, कॉपी केला, नाव बदललं आणि नवीन काम सुरू. तीन दिवसांचं काम दीड तासात. त्या संध्याकाळी आम्ही चक्क बाहेर जेवायला गेलो.

नवीन काम होतं आमच्याच गल्लीतल्या काकूंच्या मेसचं. घरगुती डबे, ऐंशी-नव्वद माणसं, बहुतेक ऑफिसवाली. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन काकू वैतागल्या होत्या. नियम साधा होता: सकाळी दहाच्या आत ऑर्डर, त्यानंतर बंद. नवऱ्यानं रात्री अकराला तपासलं, ऑर्डर बंद. सकाळी नऊला तपासलं, चालू. एकदम परफेक्ट!

सोमवारी साइट सुरू झाली. बाराच्या सुमाराला काकूंचा फोन. "अगं, अजून ऑर्डरी येतायत! माझी कणीक संपली."

झालं असं होतं, की जँगोमध्ये नवा प्रोजेक्ट उघडला की टाइमझोन आपोआप यूटीसी असतो. आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. सायकलवाल्याच्या साइटवर वेळेचं कामच नव्हतं, त्यामुळे ती ओळ कुणी बदललीच नाही, आणि कॉपीबरोबर ती इकडे आली. आपल्याकडे सकाळचे दहा वाजले तेव्हा साइटच्या घड्याळात पहाटेचे साडेचार. म्हणजे काकूंचं किचन दुपारी साडेतीनपर्यंत उघडं! आणि रात्री अकराला? साइटच्या हिशोबानं संध्याकाळचे साडेपाच. दहा कधीच वाजून गेलेले, म्हणून बरोब्बर बंद. नऊला साडेतीन, म्हणून बरोब्बर चालू. चूक होती ती दहा ते साडेतीनच्या मध्ये, आणि त्या वेळेत कुणी तपासलंच नव्हतं.

अकरा ऑर्डर जास्तीच्या आल्या. काकूंनी पुन्हा कणीक मळली, सात डबे दिले. चौघं उपाशी. त्यातले एकजण सहा वर्षांपासूनचे, त्यांनी डबा बंद केला. काकू आम्हाला एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. उरलेले पैसे नवऱ्यानं मागितले नाहीत. मीही माझं ते नम्र ईमेल काढलं नाही.

त्या रात्री तो कॉपी केलेला फोल्डर ओळीओळीनं वाचत बसला, आणि एकच्या सुमाराला एकदम गप्प झाला. जँगोच्या प्रत्येक साइटला एक गुप्त किल्ली असते, अक्षरांची लांबलचक माळ. पासवर्ड बदलायच्या लिंका वगैरे ज्या गोष्टींवर साइट स्वतःची सही करते, ती सही या किल्लीनं. नवा प्रोजेक्ट रीतसर उघडला की नवी किल्ली मिळते. फोल्डर कॉपी केला की? जुनीच. म्हणजे काकूंच्या आणि सायकलवाल्याच्या साइटची किल्ली एकच. आणि सायकलवाल्यानं 'भाच्याला दाखवतो' म्हणून सगळा कोड महिन्यापूर्वीच मागून नेला होता. काकूंच्या ग्राहकांचे पत्ते, फोन नंबर... ज्याची किल्ली एका अनोळखी भाच्याच्या लॅपटॉपवर.

काही झालं नाही. भाचा सज्जन असावा, किंवा त्यानं फोल्डर उघडलाच नसावा. पण पहाटेपर्यंत नवरा किल्ल्या बदलत होता. किल्ली बदलली की सगळी माणसं लॉगआऊट होतात, त्यामुळे सकाळी पुन्हा फोन. मी चहा करत होते, दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही काकूंकडे माफी मागायला गेलो. त्या ओट्याशी खोबरं-कांद्याचं वाटण करत होत्या, परातभर. नवऱ्यानं कान पकडून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "अरे, वाटण मीपण आठवड्याचं करून ठेवते. पण मीठ नाही घालत त्यात. मीठ ज्या-त्या भाजीत." नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.

मग एक अख्खा शनिवार-रविवार, क्लायंटचं काम बाजूला ठेवून, त्यानं साचा केला. कॉपीचा फोल्डर नाही, नीट साचा. कुकीकटर नावाचं एक टूल २०१३ पासून आहे, ते नवा प्रोजेक्ट तयार करण्याआधी तुम्हाला प्रश्न विचारतं. नाव काय? भाषा कुठली? टाइमझोन? (इथे आता आधीपासून 'एशिया/कोलकाता' भरलेलं असतं.) किल्ली दर वेळी नवी, आणि ती कोडमध्ये नाही, वेगळ्या फाइलमध्ये, जी कुणाला द्यायचीच नाही. युजरचा तक्ता पहिल्या दिवसापासून स्वतःचा. ईमेलऐवजी मोबाइल नंबरवर लॉगिन हवं, असं क्लायंट निम्म्या वाटेत सांगतात, आणि जँगोमध्ये हा बदल नंतर करणं म्हणजे राहत्या घराचा पाया बदलणं. सकाळी दहा वाजता काय होतं, हे तपासणारी एक टेस्टसुद्धा आहे. तिचं नाव 'काकू'.

भांडण झालं ते काय ठेवायचं यावरून. त्याला पेमेंट गेटवे हवा, डॅशबोर्ड हवा, चॅट हवं. मी म्हटलं, चारपैकी किती क्लायंटना लागलं? एकाला. मग कापा! आयुष्यभर संपादकांनी माझे परिच्छेद कापले, एकदा कात्री माझ्या हातात आली होती. त्यानं तोंड पाडलं, पण कापलं. शिवाय जेवढं आत ठेवाल तेवढं सांभाळावं लागतं. फेसबुकनं २०१६ मध्ये काढलेलं 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' हे केवढं लोकप्रिय साचं, पण फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्याच टीमनं सांगितलं की नव्या कामासाठी वापरू नका. आमचा तर दोन माणसांचा कारभार.

शेवटी त्यानं एक सूचनापत्रक लिहिलं आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर मला बसवलं. "यातलं वाचून साइट उभी कर. मी बोलणार नाही." पहिल्याच ओळीवर अडले. दुसऱ्या पायरीत त्यानं एक गोष्ट गृहीत धरली होती, जी त्याच्या मशिनवर तीन वर्षांपूर्वी टाकलेली होती. पाच ठिकाणी अडकले, पाच ठिकाणी तो ओठ चावत गप्प बसला आणि लिहून घेत गेला. दोन तास दहा मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर लॉगिन पेज उघडलं. मास कॉमवाल्या बाईनं चढवलेली साइट! मी आईला फोटो पाठवला. ते सूचनापत्रक आता मराठीत आहे, मीच लिहिलंय.

एक गोष्ट मात्र साच्यानं होत नाही. साच्यात दुरुस्ती केली म्हणून आधी दिलेल्या साइट्स आपोआप सुधारत नाहीत. कथक आणि होमिओपॅथच्या साइट्स त्यानं एकेक उघडून दुरुस्त केल्या, बिल न लावता. सायकलवाल्यालाही फोन करून सगळं खरं सांगितलं. ते काम माझ्या मते साच्यापेक्षा अवघड होतं.

काकूंची साइट अजून आमच्याकडेच आहे. परवा एका लेखाच्या नादात मी डबा सांगायलाच विसरले. साइट उघडली तेव्हा दहा वाजून दोन मिनिटं झाली होती. स्क्रीनवर ओळ आली, 'आजची ऑर्डर बंद झाली आहे. उद्या लवकर या!' ही ओळ मीच लिहिलेली. काकूंना फोन केला, तर म्हणाल्या, "अगं बाळा, मी काय करू? तुझ्या नवऱ्यालाच विचार."

दुपारी मॅगी केली.