गिनती

घरचा कर्ता पुरुष घरात नसणं ही आम्हां गोमंतकीयांना नवी गोष्ट नाही. कुणी तारवटी, कुणी मुंबईकार, कुणी आफ्रिकेत, पुढे कुणी गल्फमध्ये. बाप चतुर्थीला येतो, पेटी उघडतो, घरभर परदेशी साबणाचा वास दरवळतो, आणि पोरांची भीड चेपते न चेपते तोच त्याचा जायचा दिवस उजाडतो. अशा जाणाऱ्या माणसांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. परत येऊन मग कुठेच न गेलेल्यांवर कुणी फारसं लिहीत नाही. त्यांच्या आयुष्यात लिहिण्याजोगं काही घडत नाही, असा समज असावा. माझे थोरले मामा अशांपैकी एक.

माझं आजोळ खानापूर तालुक्यातलं. भाताची शेती, पण चार भावांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दीड एकर. १९६२ साली चीनचं युद्ध झालं आणि गावोगावची पोरं बेळगावला भरतीला धावली. मामा तेव्हा एकोणीस वर्षांचे. बेळगावचं नाव काढलं की मराठा लाइट इन्फंट्री आठवते, पण मामांचा हात यंत्रावर बसलेला म्हणून ते गेले ईएमईत, म्हणजे रणगाडे, तोफा, गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात. १९६५ पाहिलं, १९७१ पाहिलं. युद्धाच्या गोष्टी मात्र त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. फार विचारलं तर म्हणायचे, "लढणारे वेगळे गं. आम्ही त्यांच्या गाड्या चालत्या ठेवल्या."

बावीस वर्षांच्या नोकरीत घरी किती राहिले? वर्षाला दोनेक महिने रजा, तीही मिळाली तर. तिन्ही मुलं त्यांच्या पाठीमागेच जन्मली. धाकटी बोलायला लागली तेव्हाची गोष्ट आजोळी अजून सांगतात. मामी नवऱ्याला जशी हाक मारायची, तशीच ही चिमुरडी मारू लागली, "अहो!" बापाला काय म्हणायचं असतं ते तिला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण बाप समोर नव्हताच. घरातली सगळी पोट धरून हसली. मामाही हसले म्हणे, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

शेवटची बदली भोपाळजवळच्या बैरागढला, ईएमईच्या केंद्रात. हे बैरागढ मोठं विलक्षण ठिकाण आहे. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या आघाडीवर पकडलेले हजारो इटालियन सैनिक इथल्या छावणीत ठेवले होते. ते इथे घराकडे डोळे लावून बसले होते, आणि तिकडे त्यांच्या देशात आपली मराठी मुलं लढत होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटालियन गेले, फाळणी झाली, आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासितांचे संसार उभे राहिले. आज बैरागढचं नाव संत हिरदाराम नगर आहे. आपल्याकडेही १९६१ साली पकडलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत गोव्यातच अडकून होते. जुन्या माणसांना ते आठवत असेल. घरापासून तुटलेल्या माणसांची जागा कशी असते ते मामांनी बैरागढात रोज पाहिलं.

१९८४ च्या मार्चमध्ये ते निवृत्त झाले. सगळ्यांना वाटलं, आता गावी येणार. मामांनी फंडाच्या पैशांतून सिहोरच्या वाटेवर सहा एकर काळी जमीन घेतली आणि मामी-मुलांना तिकडे नेलं. आजी रुसली. मामांचं म्हणणं सरळ होतं: दीड एकरावर पाच माणसं जगणार नाहीत, मग पुन्हा कुठे तरी नोकरीला जावं लागेल. ते त्यांना नको होतं.

चिखलात भात लावणाऱ्या माणसाला ती काळी माती परकी. पावसात पाय ओढून घेणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. माळव्यातले शेतकरी पूर्वी पावसाळ्यात ही जमीन पडीक ठेवत आणि हिवाळ्यात गहू घेत. ते चित्र सोयाबीनने बदललं. यातली गंमत म्हणजे हे पीक वाढलं ते अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या हातभाराने. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात १९६० च्या दशकात त्यांनी मिळून प्रयोग केले. त्या इलिनॉयकडेही महायुद्धातून परतलेले आणि पुन्हा नांगराला लागलेले शेतकरी पुष्कळ. त्यांच्यासाठी सरकारने १९४४ सालीच कायदा करून शिक्षणाची आणि शेती-घरासाठी कर्जाची सोय केली होती. आमच्या मामांपाशी होती फक्त पेन्शन, आणि सिहोरच्या कृषी महाविद्यालयात जाऊन प्रश्न विचारायची चिकाटी. जूनअखेरीस सोयाबीन, दसऱ्याच्या आगेमागे काढणी, मग गहू. शेजाऱ्यांचे बंद पडलेले पंप आणि ट्रॅक्टर ते दुरुस्त करत, आणि त्या बदल्यात बैल, भुसा, सल्ला असं सगळं मिळे.

आता त्यांच्या वहीविषयी. फौजेत संध्याकाळी माणसं मोजतात, तिला 'गिनती' म्हणतात. मामांनी ती घरी चालू ठेवली. रोज दिवे लागले की एका लांब वहीत तारीख, पाऊस किती, शेतात काय केलं, आणि शेवटी 'हजर' लिहून आकडा. हजर ५. पुन्हा हजर ५. मुलं कंटाळायची, पण गिनतीला सगळ्यांनी ओसरीवर यायचंच. मग मामा मुलींच्या वेण्या घालायला बसायचे. रणगाड्याचे बोल्ट आवळणाऱ्या बोटांनी घातलेल्या त्या वेण्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सुटत नसत!

पहिल्याच वर्षी २ डिसेंबरची रात्र आली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि भोपाळ शहर वाट फुटेल तिकडे पळालं. पहाटेपासून सिहोरच्या रस्त्यावर माणसं दिसू लागली, डोळे सुजलेली, खोकणारी, पोरं कडेवर घेतलेली. मामांनी पंप चालू करून विहिरीच्या पाण्याने त्यांचे डोळे धुवायला लावले, गोठा रिकामा केला. मामीने मोठ्या पातेल्यात खिचडी रांधली. त्या दिवशीची नोंद मी स्वतः वाचली आहे. पाऊस नाही. पंप चालू. हजर ४१.

आजीची तार गेली, ताबडतोब निघून या. मामांचं पोस्टकार्ड आलं: आम्ही सुखरूप आहोत, गव्हाला पहिलं पाणी द्यायची वेळ आहे, आता निघता येणार नाही. तो काही कोरडेपणा नव्हता. पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाच्या आसपास गव्हाला पाणी मिळालं नाही तर पीक हातचं जातं, आणि पीक गेलं तर घर पुन्हा फुटतं. उरलेला वायू निकामी करण्याचं काम १६ डिसेंबरला सुरू झालं तेव्हा शहर पुन्हा घाबरून बाहेर पडलं. वहीतला आकडा पुन्हा चढला.

पुढची पानं शांत आहेत. १९९४ साली सोयाबीनचं जे.एस. ३३५ हे नवं वाण आलं, ते त्यांनी लगेच पेरलं. मुली लग्न होऊन गेल्या, मुलगा नोकरीला पुण्यात. हजर ४, हजर ३, मग कित्येक वर्षं हजर २. दिवाळीत मात्र एकदम हजर ११, आणि त्या आकड्याखाली दोन रेघा. भोपाळला २०१६ साली शौर्य स्मारक झालं तेव्हा मुलाने त्यांना दाखवायला नेलं. मामा सगळं नीट पाहून आले आणि गिनतीच्या वेळेआधी घरी पोचायचं म्हणून घाई करू लागले.

२०१८ मध्ये ते गेले, पंचाहत्तराव्या वर्षी. धाकटी मुलगी शेवटपर्यंत त्यांना गमतीने "अहो बाबा" म्हणायची. वर्तमानपत्रात बातमी येण्यासारखं त्यांनी काही केलं नव्हतं, छातीवर मोठं पदकही नव्हतं. पण आपल्याकडे बंद पडलेली घरं पाहते, मुलं पोर्तुगालला, लंडनला गेलेली, आणि ओसरीवर एकटी म्हातारी बसलेली, तेव्हा मला त्या वहीतला शेवटचा रकाना आठवतो. पोट भरायला माणसाला जावंच लागतं, मामाही गेलेच होते. परत आल्यावर मात्र त्यांनी चौतीस वर्षं, एकही संध्याकाळ न चुकवता, घरातली माणसं मोजली. वही आता मामीकडे आहे. ती लिहीत नाही, तिला अक्षर जमत नाही. पण दिवे लागले की शेतावरच्या गड्याला हाक मारते, त्याची पोरंही धावत येतात, आणि ओसरीवर मोजणी होते.