गिलाव्याआडचा सांधा

बदलीच्या नोकरीत माणूस पुष्कळ घरांत राहतो. पण घराशी त्याची ओळख वरवरचीच राहते. नळाला पाणी केव्हा येते, पश्चिमेची खिडकी किती तापते, शेजारी कितपत बोलके आहेत, एवढे कळेपर्यंत पुढचा हुकूम हातात पडतो. भिंतीच्या पोटात काय आहे हे पाहण्याची सवड त्याला कोठून असणार? मलाही ती नव्हती. दिल्लीच्या थंडीने मला ती काढावयास लावली.

आमची धाकटी भिंतीला खाट लावून निजते. एका रात्री ती म्हणाली, "बाबा, माझी भिंत गरम लागते." मी हसून पांघरूण नीट केले. सौभाग्यवतींनी मात्र भिंतीला हात लावला आणि एक शब्दही न बोलता हीटर बंद केला. अर्ध्या तासात भिंत निवली. त्या रात्री मुलगी आमच्या खोलीत निजली, आणि मला बराच वेळ झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने तळहाताने भिंत चाचपली आणि एका जागी छिन्नी लावली. गिलावा सुटताच जळक्या रबरासारखा दर्प आला. आत तारांची नळी तुटलेली होती. तेथे दोन तारांना नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळली होती आणि वरून भिंत लिंपून टाकली होती. पट्टीचा कोळसा झाला होता.

मी भाबडेपणाने विचारले, "मग एमसीबी पडला कसा नाही?" मिस्त्री म्हणाला, "साहेब, तो प्रवाह मोजतो. प्रवाह जास्त होताच कोठे?" हिशेब सरळ होता. २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्यात तक्रार करण्याजोगे काही नाही. परंतु ढिल्या सांध्यात अर्धा ओम जरी रोध उत्पन्न झाला, तरी त्या एका बिंदूवर सुमारे ३८ वॉट उष्णता निर्माण होते. डाख देण्याचे साधे अवजार २५ वॉटांचे असते! म्हणजे माझ्या मुलीच्या उशाशी, गिलाव्याआड, असे अवजार रात्रभर तापत होते. तापल्याने तांबे काळवंडते, काळवंडल्याने रोध वाढतो, आणि रोध वाढला की ते अधिक तापते.

आम्हा कचेरीतल्या माणसांना संकट आले की प्रथम नियम आठवतो. १९५६ चे भारतीय विद्युत नियम जाऊन त्यांची जागा २०१० मध्ये नव्या विनियमांनी घेतली आणि २०२३ मध्ये तेही बदलले. पण घरातल्या तारांविषयीचा जुना दंडक कायम आहे. भारतीय मानक ७३२ पाहावे. तारेला मध्येच उघडा पीळ देऊ नये. सांधा टाळता येत नसेल तर तो डबीत करावा, आणि तपासणीसाठी तेथे हात पोहोचला पाहिजे. जमिनीत पुरलेल्या केबलचा किंवा रसायन ओतून बंद केलेला सांधा, असे काही मोजके अपवाद सोडले, तर सांधा डोळ्यांआड करण्याची मुभा नाही. सांधा करू नका, असा नियमाचा हट्ट नाही. केलात तर झाकू नका, एवढेच त्याचे म्हणणे आहे. झाकल्या मुठीची किंमत सव्वा लाख असेल. झाकल्या सांध्याची एखादे घर असते.

हे वाचता वाचता मी थबकलो. मला जबलपूर आठवले.

अकरा वर्षांपूर्वी तेथल्या भाड्याच्या घरात कपाटाच्या सोयीसाठी मी एक प्लग हलवला होता. तार अपुरी पडली. वायरमनने स्वच्छ विचारले होते, "येथे डबी बसवू का?" भिंतीला नुकताच रंग दिला होता; त्यावर ती डबी मला बरी दिसेना. मी म्हणालो, "राहू द्या, लिंपून टाका." दिल्लीतली भिंत लिंपणाऱ्या त्या अज्ञात माणसाला मी दोन दिवस मनातल्या मनात दूषणे देत होतो. त्याला निदान कोणी विचारले होते की नाही, ठाऊक नाही. मला विचारले होते.

फोन करावयास मी तरीही चार दिवस लावले. अकरा वर्षांत काही झाले नाही, आता काय होणार, अशी मनाची समजूत घालीत होतो. चौथ्या रात्री धाकटी पुन्हा तिच्या खाटेवर निजली, तेव्हा फोन उचलला. वृद्ध घरमालक शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्या प्लगवर हल्ली हिचा हीटर लागतो. हिची खाट तिथेच आहे." मला बोलवेना. कसाबसा म्हणालो, "आत्ता काढा तो."

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. भिंत फोडली होती. पट्टी वाळून कडक झाली होती, आतले वेष्टन पिवळे पडले होते, जळले मात्र नव्हते. आता तेथे डबी बसली आहे. "सांगितलेत, बरे केलेत," ते म्हणाले. चार दिवसांविषयी त्यांना मी सांगितले नाही. ते येथे लिहितो आहे.

आमच्या भिंतीवरही आता एक पांढरे झाकण आहे. दिसावयास ते विशोभितच दिसते. पाहुणे विचारतात, आणि मी सांगतो. आपण कार्यभार सोपविताना पै-पैचा हिशेब आणि फायलींची यादी देतो; घर सोडताना मात्र नुसत्या चाव्या. पुढच्या बदलीच्या वेळी चाव्यांबरोबर एक कागद द्यावयाचा मी ठरविले आहे: कोणत्या भिंतीत, जमिनीपासून किती उंचीवर, कोणता सांधा आहे.