सडबरीची अपुरी रास

पॅरी साउंड मागे पडलं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना कातळ सुरू होतो. गुलाबी-करडा, अतिप्राचीन. त्याच्या फटींत मुळं रोवून पाइन आणि बर्च उभे असतात. टोरांटोहून सडबरी सुमारे ४०० किलोमीटर. निकेलच्या खाणींसाठी नावाजलेल्या या शहरात मी निघालो होतो, तो दगडांची एक रास पाहायला.

आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या आरंभी, आपण कोणत्या मूलनिवासी लोकांच्या भूमीवर जमलो आहोत, हे मोठ्याने सांगितलं जातं. युनायटेड चर्च ऑफ कॅनडाच्या अनेक मंडळ्यांत ही रीत आहे. ते ऐकताना प्रश्न पडायचा: कबुली दिली, पण देणं फिटलं का?

सडबरी वसलं आहे अनिशिनाबे लोकांच्या भूमीवर. १८५०च्या रॉबिन्सन-ह्यूरॉन कराराने त्यांना वार्षिक रक्कम कबूल केली होती आणि जमिनीचं उत्पन्न वाढलं तर ती वाढवण्याचं वचनही दिलं होतं. प्रत्यक्षात १८७५पासून ती माणशी ४ डॉलरवर गोठली. दरम्यान निकेल आणि तांबं निघतच राहिलं, आणि खनिज भाजण्याच्या धुराने टेकड्या काळ्याठिक्कर पडल्या. १९७८पासून चुना पसरून, रोपं लावून शहराने त्या पुन्हा हिरव्या करायला घेतल्या. आज तिथे जंगल उभं आहे, पण मधूनच काळा खडक डोकं वर काढतो.

रास लॉरेन्शियन विद्यापीठाच्या आवारात आहे. १९८६च्या ऑगस्टमध्ये आमच्या चर्चची महासभा इथे भरली होती. चर्चने आमची माफी मागावी, असं अल्बर्टा बिली या मूलनिवासी स्त्रीने आदल्या वर्षी ठणकावून सांगितलं होतं. आत चर्चा चालू असताना वडीलधारी मंडळी बाहेर थांबली होती. निर्णय झाल्यावर चर्चचे प्रमुख (मॉडरेटर) रॉबर्ट स्मिथ त्यांच्याकडे चालत गेले आणि त्यांनी कबूल केलं, की सुवार्तेच्या नावाखाली आम्ही आमची संस्कृती तुमच्यावर लादली, तुमचं अध्यात्म ऐकूनच घेतलं नाही.

वडीलधाऱ्यांनी माफी ऐकून घेतली, स्वीकारली मात्र नाही. १९८८ साली उत्तर आलं, त्याचा आशय असा: माफीची दखल घेतो, आता ती जगून दाखवा. म्हणूनच त्या माफीची खूण असलेली ही रास मुद्दाम अपुरी ठेवली आहे. मी तिच्यापाशी बराच वेळ उभा होतो. यजमानाने क्षमा केल्याचं पाहुण्याने स्वतःच जाहीर करू नये, एवढा विवेक या दगडांत आहे.

त्यानंतर चर्च काही पावलं चाललं. १९९८ साली मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांबद्दल वेगळी माफी मागितली. देशभरातल्या अशा शाळांत सुमारे १,५०,००० मुलं घरापासून तोडली गेली होती. २०१२ साली बोधचिन्हात मोहॉक भाषेतले शब्द आले. कराराची थकबाकी मात्र अनिशिनाबे लोकांना कोर्टात भांडून मिळवावी लागली. २०२३ साली १० अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली.

बायबलमधला जक्कय येशूसमोर केवळ पस्तावला नाही. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करण्याचं त्याने बोलून दाखवलं. पश्चात्ताप म्हणतात तो हाच. भूमीच्या मालकांची नावं आम्ही उपासनेत घेतो, ती घेतलीच पाहिजेत. पण त्या लोकांच्या करारांसाठी, पाण्यासाठी, भाषांसाठी आमच्या मंडळीच्या अंदाजपत्रकात रक्कम दिसत नाही, तोवर ती प्रार्थना अर्धीच आहे.