बारीवर ओढलेली लाल रेघ

'आमच्या गाड्याची बारी पाहायला आई घाटात आली नाही, ती देवळात बसून राहिली.' शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत नववीतल्या मुलानं निबंधात हे वाक्य लिहिलं होतं. मी 'बारी'वर लाल रेघ ओढली, वर 'पाळी' लिहिलं आणि समासात शेरा दिला: वारंवार सांगूनही हिंदी शब्द लिहितोस. एवढ्यावर थांबलो नाही. दुरुस्त केलेला निबंध त्याला वर्गापुढे वाचायला लावला. 'आमच्या गाड्याची पाळी पाहायला' एवढं त्यानं वाचलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मुलं त्याच्या चुकीला हसताहेत, असं मी समजलो. ती माझ्या दुरुस्तीला हसत होती.

'पाळी' हा माझा घरचा शब्द. बालपण दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. मनमाडकडची आणि बारामतीकडची लाइन इथूनच फुटते, त्यामुळे गाड्या अष्टौप्रहर. वडिलांची रातपाळी असली की दुपारी घरात भांडं वाजवायचं नाही, ही आमची शिस्त. पाळीवर घर चालायचं. मग शिक्षक झाल्यावर समानार्थी शब्दांचा तक्ता करताना 'पाळी'ला मी मधोमध बसवलं यात नवल नाही. 'बारी' हिंदीतून घुसलेली, 'आवर्तन' संस्कृतातून मिरवायला आणलेलं, 'नंबर' तर उघडउघड इंग्रजी. अर्थ सगळ्यांचा एकच, मग शुद्ध मराठी का लिहू नये, असा माझा सरळ हिशेब होता.

पहिला तडा बैलगाड्यांनी दिला. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या आणि डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी दिली. त्यानंतरच्या एका यात्रेत मी आयुष्यात पहिल्यांदा घाटात उभा राहिलो. (घाट म्हणजे डोंगरातला नव्हे आणि नदीचाही नव्हे, गाडे पळवायची ती चढाची धाव. हाही शब्द मी तोवर अर्धाच शिकवला होता.) गाडामालक सकाळपासून बैलांच्या अंगावरून हात फिरवत उभे. भोंग्यावर नाव पुकारलं, भंडारा उधळला, 'भिर्रर्र' झालं आणि डोळ्यांचं पातं लवतंय तोवर सगळं आटोपलं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काय बारी झाली!" बारी म्हणजे नुसता आपला क्रम नव्हता. तो क्रम, त्यातली धाव आणि ती सेकंदांत मोजणारी माणसं, हे सगळं मिळून ती बारी. ती पाहता येते. पाळी कुणी पाहायला जात नाही.

संगीत बारीचंही तसंच. चौफुल्याच्या लावणीच्या थिएटरांवरून मी तीस वर्षं एसटीनं गेलो. मास्तरनं तिथं उतरायचं नसतं, म्हणून उतरलो नाही. एका छताखाली अनेक पार्ट्या, प्रत्येकीनं आपल्या बारीला उभं राहायचं. त्या क्रमाचंच नाव अख्ख्या कलाप्रकाराला मिळालं. तिथं 'संगीत पाळी' म्हणून बघा.

आणि जिला परकी म्हणून हाकलत होतो त्या बारीचं मूळ? हिंदीतली 'बारी' संस्कृत 'वार' या शब्दाकडे जाते. वार म्हणजे खेप, क्रम. माझ्या त्या शेऱ्यातलं 'वारंवार' त्याच 'वार'चं. म्हणजे बारीला हुसकावताना मी तिच्याच नात्यातल्याला हाताशी धरलं होतं.

तरी समानार्थाचा हट्ट सुटला नव्हता. तो पाण्यानं सोडवला. सासऱ्यांकडची थोडी जमीन दौंड तालुक्यात, मुठा उजव्या कालव्याच्या एका फाट्याच्या शेवटाला आहे. खडकवासला धरण 1879 सालचं. आता पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून चार धरणांची साखळी. त्यातूनच पुणं पाणी पितं आणि खाली दौंड-इंदापूरचा ऊस वाट पाहतो. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की पेपरात येतं, उन्हाळी आवर्तन सुटणार. मग पाटबंधारे खात्याची शेजपाळी: सात नंबरचा अर्ज भरायचा, कुणाला कधी आणि किती पाणी ते ठरतं. पंजाबात याच्या जागी 'वारबंदी' असते, तिथं प्रत्येकाचा वार आणि तास बांधलेला. (पुन्हा तोच 'वार'.) आवर्तन कालव्याचं असतं, पाळी शेतकऱ्याची. तबल्यातलं आवर्तन समेवर परत येतंच. कालव्याचं येईलच असं नाही.

एका मेमध्ये शेजाऱ्याला विचारलं, पाणी आलं का. तो शांतपणे म्हणाला, "आवर्तन झालं. पाळी आलीच नाही." वरच्यांनी पाणी उचललं, शेपटापर्यंत पोचलंच नाही. मी बांधावर बसून ते वाक्य घोळवत राहिलो. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता तर हे वाक्य वेड्याचं ठरलं असतं. तिथं ते पंचनाम्यासारखं नेमकं होतं. माझ्या तक्त्यात दोघांच्या मध्ये बरोबरची खूण होती, आणि त्या खुणेत दोन एकर ऊस वाळून गेला होता.

हे सगळं मी मित्रांना रंगवून सांगतो. पुढचं सांगत नाही.

वर्गात धडा ओळीनं वाचायचा असे. मुली म्हणायच्या, "सर, आता माझा नंबर." मी अडवायचो: "नंबर नव्हे, पाळी म्हण." काही म्हणायच्या. काही खाली बघून उभ्या राहायच्या आणि मी त्यांना उद्धट समजायचो. मागचे बाक खुसखुसायचे. किती वर्षं, मोजवत नाही. एकदा घरी कौतुकानं सांगितलं, की पोरींना इंग्रजीचा फार सोस, पण मी सोडत नाही. बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "पोरी तो शब्द चुकवत होत्या. आणि तुम्ही तो त्यांच्याकडून पोरांसमोर वदवून घेत होतात." त्या शब्दाची लाज बाळगू नये हे मलाही पटतं. पण लाज घालवायला मी कुठं निघालो होतो? मला तर फक्त शुद्धलेखन दिसत होतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मीच विचारायला लागलो, "आता नंबर कुणाचा?" पहिल्या बाकावरच्या हुशार मुलानं हात वर केला. "सर, पाळी म्हणा. नंबर इंग्रजी आहे, तुम्हीच सांगितलं होतं." मागचे बाक खुसखुसले.

"बस खाली," मी म्हटलं, आणि पुढच्या मुलीकडे बघून नुसतीच मान हलवली. तिनं वाचायला सुरुवात केली.