पांजरापोळ ते पोयबावडी : कातडीचा जमाखर्च

मुलांना जनावरे दाखवायची म्हणजे राणीची बाग, हे आपल्या मुंबईत ठरून गेलेले आहे. वाघ, पेंग्विन पाहून मुले खूश होतात आणि आपणही होतो. परंतु आपल्या आजा-पणजाचे आयुष्य वाघाशी बांधलेले नव्हते. ते गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्याशी बांधलेले होते, आणि तेही बहुधा ती जनावरे मेल्यानंतर. म्हणून या वेळी वाचकांना एका वेगळ्या फेरीवर नेतो. भुलेश्वर ते परळ ही फेरी एका दिवसात होते. खर्च फक्त बस-लोकलच्या तिकिटाचा.

भुलेश्वर

गिरगावातून चालत भुलेश्वरला गेले की बाजाराच्या गर्दीत पांजरापोळ लागते. सर जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील इतर धनिकांनी ती १८३४ साली सुरू केली. जिथे माणसाला उभे राहायला जागा नाही अशा वस्तीत इथे गुरे दावणीला बांधलेली आहेत. लोक येतात, चारा घालतात, हात जोडतात आणि निघून जातात. आपण हात जोडायला जायचे नाही. नीट बघायला जायचे.

प्रथम गाईचे नाक पाहावे. दोन नाकपुड्यांमधला तो बिनकेसाचा भाग सदैव ओला असतो. तिथल्या कातडीत बारीक ग्रंथी असतात आणि त्यांतून दवासारखे थेंब पाझरत राहतात. नाक कोरडे पडले की जनावराला ताप असावा, हे खेड्यातला जाणता माणूस हात लावून सांगतो. त्या भागावरच्या रेषाही प्रत्येक जनावराच्या वेगळ्या असतात. आपल्या अंगठ्याचा ठसा जसा दुसऱ्याशी जुळत नाही, तसाच गाईच्या नाकाचा ठसाही जुळत नाही. जनावराची ओळख पटवायला तो वापरता येतो.

मग अंगाकडे पाहावे. पाठीवर माशी बसली की गाय साऱ्या अंगाला हिसका देत नाही, तेवढीच कातडी थरथरवते. कातडीखाली स्नायूचा एक पातळ पडदा असतो, त्याची ही करामत. गाईला अंगभर घाम येतो. म्हशीच्या अंगावर केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा खूपच कमी. त्यामुळे ऊन तापले की ती डबक्यात जाऊन बसते. डुकराचेही तसेच. त्याला घाम जवळजवळ येतच नाही, म्हणून ते चिखलात लोळते. ‘डुकरासारखा लोळतोस’ असे आपण मुलाला रागावून म्हणतो. डुक्कर बिचारे उन्हापासून आपला जीव वाचवत असते. मेंढीच्या कातडीतून मेणासारखा चिकट पदार्थ सुटतो, तो लोकर पावसापासून राखतो. तोच शुद्ध करून मलमात घालतात. आणि ज्या सडांतून दूध येते ते आचळही मुळात कातडीचीच ग्रंथी आहे, घामाच्या ग्रंथीची थोरली बहीण. गाई-म्हशीला चार सड, शेळी-मेंढीला दोन.

शेवटी खूर. गाय, म्हैस, शेळी, डुक्कर यांचा खूर दुभंगलेला, घोड्याचा एकसंध. खुराचे बाहेरचे कवच आपल्या नखासारखे निर्जीव असते. गाईचे ते महिन्याला साधारण अर्धा सेंटिमीटर वाढते. त्याच्या आत मात्र रक्त आणि संवेदना असलेला जिवंत भाग असतो. नालबंद खिळा ठोकतो तो निर्जीव भागातच. जरा आत गेला तर जनावर लंगडे होते. बैलाचा खूर दुभंगलेला म्हणून त्याच्या एका पायाला नालाचे दोन तुकडे लागतात, चार पायांना आठ. नख, केस, खूर आणि शिंगावरचे टोपण ही सगळी एकाच पदार्थाची, केराटिनची बनलेली असतात. शास्त्राच्या दृष्टीने ती कातडीचीच लेकरे.

खुरांचा आवाज एके काळी या दक्षिण मुंबईला रोजचा होता. १८७४ साली इथे ट्राम सुरू झाली ती घोड्यांची होती. कित्येक वर्षे घोड्यांनीच ती ओढली. पुढे व्हिक्टोरिया उरल्या. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला.

परळ

भुलेश्वरहून परळला यावे. गिरण्यांच्या जागी आता काचेचे मनोरे उभे आहेत, त्याविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आपण डॉ. एस. एस. राव मार्गावरील बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांच्या रुग्णालयाकडे वळू. १८८३ साली ते स्थापन झाले. गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी त्यासाठी पैसा दिला आणि पत्नीचे नाव दिले. त्याच्याच आधाराने १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आज ते नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेले आहे.

ही सनावळी वाचकांनी लक्षात ठेवावी. १८८३ साली या शहरात बैलाच्या जखमेवर औषध लावायला रुग्णालय होते. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी, १९२७ साली, महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना ओंजळ भरायची बंदी होती. जनावरांवर दया करणाऱ्यांना आमचा विरोध नाही. भगवान बुद्धांनी यज्ञातील पशुहत्येला विरोध केला. सम्राट अशोकाने गिरनारच्या शिलालेखात माणसांची आणि जनावरांची अशी दोन्ही चिकित्सा सुरू केल्याचे नोंदवले आहे. अशोकाने दोन्ही म्हटले, हे महत्त्वाचे. या देशाने पुढे त्यातले एक धरले आणि दुसरे आपल्यापुरते विसरले.

हातांची किंमत

आता कातडीचा व्यवहार पाहू. कातडीला थर असतात. वरचा थर पातळ, केस त्यातून वर आलेले. खालचा थर जाड आणि चिवट, त्याचेच चामडे होते. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस आणि वरचा थर काढतात. मग बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवतात, म्हणजे ते कुजत नाही. गावात मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम महाराकडे, कातडे कमावण्याचे ढोराकडे, वहाण शिवण्याचे चांभाराकडे. त्याच कातड्याची मोट विहिरीत उतरे आणि त्या पाण्यावर पाटलाचा मळा पिके. त्याच कातड्याचा मृदंग देवळात वाजे. मोटेचा विटाळ नव्हता, मृदंगाचा नव्हता. विटाळ होता तो कातडे सोलणाऱ्या हाताचा.

आणि त्या हातांना काय मिळत होते? जनावरांना काळपुळी नावाचा रोग होतो, काही भागांत त्याला फाशी म्हणतात. या रोगाने मेलेले जनावर सोलू नये, फाडू नये, असा पशुवैद्यकाचा कडक नियम आहे. शव उघडले की जंतू हवेशी येऊन टणक बीजरूप घेतात आणि मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. माणसाच्या हाताला साधा ओरखडा असला तरी तिथून ते शिरतात आणि काळी खपली धरलेला फोड उठतो. उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. म्हणून शव खोल पुरून त्यावर चुना टाकतात. आपल्या पूर्वजांना हा नियम कोणी सांगितला? हातमोजे कोणी दिले? ढोर कशाने मेले हे विचारण्याचा अधिकारच त्यांना नव्हता. ओढायला सांगितले की ओढायचे.

पोयबावडी

पशुवैद्यक महाविद्यालयापासून पोयबावडीची बीआयटी चाळ दूर नाही. चाळ क्रमांक १, दुसरा मजला, खोल्या ५० आणि ५१. बाबासाहेब १९१२ ते १९३४ या काळात इथे राहत होते. परळच्याच दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी त्यांनी बोलावलेली सभा झाली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. याच चाळीत राहत असताना, मार्च १९२७ मध्ये, त्यांनी महाडला समाजाला सांगितले की मेलेली ढोरे ओढू नका आणि मेल्याचे मांस खाऊ नका.

नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ रोजी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी एक आठवण सांगितली. संगमनेरला केसरीच्या एका बातमीदाराने त्यांना चिठ्ठी देऊन विचारले होते की, तुमची माणसे एवढी गरीब, आणि कातडी, खूर, मांस यांचे वर्षाला पाचशे रुपये मिळतात ते तुम्ही का सोडायला लावता? बाबासाहेबांनी भरसभेत उत्तर दिले. तुमचे कुटुंब मोठे आहे ना, मग हे काम तुम्ही करा, ते पाचशे घ्या आणि वर मी स्वतःचे पाचशे देतो. आमचे काय व्हायचे ते आम्ही पाहू. त्या गृहस्थांना ते परवडण्यासारखे वाटले नाही.

मी वाणिज्य शाखेचा, कारकुनी करणारा माणूस. त्या हिशेबात मला एकच गोष्ट दिसते. जमेच्या बाजूला कातडी, शिंग, खूर, सगळे नीट मांडलेले होते. खर्चाची बाजू कोरी होती. फोड उठलेले हात, अंगाला येणारा वास, शाळेबाहेर बसवलेले मूल आणि गेलेली इज्जत यांची नोंद कोणी केली नव्हती. बाबासाहेबांनी ती बाजू भरली.

हा हिशेब जुना झाला असे कोणी म्हणू नये. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उनाजवळ मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना बांधून मारले. त्यानंतर तिथल्या बांधवांनी ढोरे उचलायचे सोडले आणि कलेक्टर कचेरीपुढे मेलेली जनावरे नेऊन टाकली. एप्रिल २०१८ मध्ये त्या पीडित कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला.

हातमोजे

आता घरचा प्रश्न. आमच्या विहारातील अभ्यासवर्गात येणाऱ्या एका मुलीला पशुवैद्यक व्हायचे आहे. तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, “भाऊ, ज्या ढोरांपासून बाबासाहेबांनी सोडवलं, त्याच ढोरांकडे लेकीला परत पाठवू का? लोक काय म्हणतील?” त्या माउलीचा प्रश्न खोटा नाही. तिच्या सासऱ्याने गावी ढोरे ओढली होती.

मी म्हटले, “ताई, बाबासाहेबांनी जनावर सोडायला सांगितले नाही, सक्ती सोडायला सांगितले. सासऱ्यांना ते काम जन्माने मिळाले, नाही म्हणता येत नव्हते. लेकीला ते परीक्षेने मिळेल आणि नाही म्हणता येईल.” फरक एवढाच आहे आणि एवढाच पुरेसा आहे. ही पदवी वर्षभराच्या उमेदवारीसह साडेपाच वर्षांची असते, प्रवेश नीटच्या गुणांवर होतो आणि राखीव जागा आहेत. आपल्या घरांत एमबीबीएस हुकले की मूल निराश होते. त्याच गुणपत्रिकेवर हा दरवाजा उघडतो हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कामही मोलाचे आहे. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पी चर्मरोगाची साथ आली. कातडीवर गाठी उठत, दूध आटत होते, जनावरे मरत होती. डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत तो पसरत होता. तेव्हा गावोगाव गोठ्यांत उभे राहून शेळ्यांच्या देवीची लस टोचली ती याच खात्याच्या माणसांनी. ज्या गोठ्यात आपल्या आजोबांना ढोर मेल्यावरच बोलावत, तिथे आता आपली मुलगी जनावर जिवंत असताना जाईल. नाकाला हात लावून ताप पाहील, खूर उचलून लाळ्या खुरकूत ओळखील. तिने लिहून दिल्याशिवाय त्या जनावराला कोणी हात लावणार नाही.

तेव्हा वाचकहो, ही फेरी मुलांसह करा. पांजरापोळीत त्यांना नाक, कातडी, खूर दाखवा. परळला महाविद्यालयाचे फाटक दाखवा, मग पोयबावडीची ती चाळ दाखवा. दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहिली म्हणजे मुलांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

त्या माउलीने अजून होकार दिलेला नाही. परवा वंदनेनंतर तिने मला बाजूला घेऊन एवढेच विचारले, “भाऊ, तिथं हातमोजे देतात ना?”

देतात, ताई.

जय भीम!